मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर एकच, मग वेळा दोन का?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. येत्या डिसेंबरात आम्ही उभयता प्रथमच मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जाणार आहोत. तिकिटावर जाण्यासाठी सुमारे सोळा तास आणि परत येण्यासाठी सुमारे साडेचौदा तास असे छापले आहे. अंतर शोधायला गेलो तर एके ठिकाणी १२,५००, दुसरीकडे ७,८०० आणि तिसरीकडे ६,८०० च्या जवळचा आकडा मिळाला. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरून मी स्वतः भागाकार केला, तेव्हा उत्तर चौदा तासांच्याही आत आले. यांतले खरे कोणते मानावे?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपण पाहिलेले तिन्ही आकडे बरोबर आहेत, कारण ते एकाच अंतराचे तीन मापांतले आकडे आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळापर्यंतचे सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर भरते. अमेरिकेत रस्त्यावर वापरतात तो मैल १.६०९ किलोमीटरचा असतो. त्या हिशेबाने हेच अंतर ७,८०० मैलांच्या जवळ जाते. वैमानिक आणि खलाशी वापरतात तो सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असतो, आणि त्या मापाने हे अंतर पावणेसात हजारांच्या थोडे पुढे जाते. संकेतस्थळांवर आकडा ठळक असतो आणि एकक कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते, त्यामुळे हा घोटाळा अनेकांचा होतो. आपल्या चिरंजिवांनी न्यूअर्कला उतरायला सांगितले असेल, तरी फार फरक पडत नाही. ते विमानतळ केनेडीपासून तीसेक किलोमीटर पश्चिमेला आहे.

आता ‘सर्वांत कमी अंतर’ म्हणजे काय, ते सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच उभे आहे. आपण शिक्षक होता, तेव्हा शाळेतल्या कपाटावरचा पृथ्वीगोल आपल्या डोळ्यांसमोर असेलच. हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी तीस सेंटीमीटर व्यासाचा एक गोल घेतला, दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरले, दुसरे न्यूयॉर्कवर नेले आणि दोरा आपोआप ताठ बसेपर्यंत ओढला. तो अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे गेला नाही. मुंबईतून निघाला तो थेट वायव्येच्याही उत्तरेला. सौराष्ट्र, सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग असे करत मॉस्कोच्या शेजारून, हेलसिंकीवरून, नॉर्वेतून आइसलंडपर्यंत चढला आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाखालून कॅनडाच्या लॅब्राडॉरवर उतरून न्यूयॉर्कला पोचला. दोऱ्याची लांबी साडेएकोणतीस सेंटीमीटर भरली. या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार केला की आपला साडेबारा हजारांचा आकडा समोर येतो.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच दोन शहरे पट्टीने जोडली, तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जिरिया असा वाळवंटाचा रस्ता धरते. दिसायला ती सरळ असते, पण त्या वाटेने सतत एकाच दिशेला तोंड ठेवून गेल्यास सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात, म्हणजे दोऱ्यापेक्षा जवळजवळ १,७०० किलोमीटर जास्त. गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना उत्तरेकडचा भाग ताणला जातो, म्हणून तिकडची वाट नकाशावर लांब भासते. आपल्या घरी किंवा जवळच्या शाळेत गोल असेल, तर निघण्यापूर्वी नातवंडांशी बोलता बोलता हा प्रयोग अवश्य करून पाहावा. नऊ-दहा वर्षांच्या मुलालाही तो लगेच कळतो.

आता आपला भागाकार. साडेबारा हजारांना नऊशेने भागले की १३.९ तास येतात आणि त्यात चूक काहीच नाही. मात्र त्या भागाकारात तीन गोष्टी गृहीत धरल्या गेल्या आहेत, आणि त्यांतली एकही प्रत्यक्षात तशी नसते. पहिली, विमान दोऱ्याच्या रेघेवरूनच जाईल. दुसरी, दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंत ते नऊशेनेच धावेल. तिसरी, हवा स्थिर असेल. तिकिटावरची वेळ ही हवेत असण्याची वेळ नसते. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पलीकडच्या विमानतळावर जागी लागेपर्यंतची ती वेळ असते. मुंबईत धावपट्टीकडे जाण्याची रांग, चढणीचा अर्धा तास, उतरणीचा अर्धा तास आणि न्यूयॉर्कला उतरल्यावर जमिनीवरचा लांबलचक फेरा हे सगळे त्यात आले. एवढ्यानेच पाऊण ते एक तास वाढतो. वाटेच्या वळणांचा अर्धा-पाऊण तास आणखी धरावा. उरते ती हवा, आणि जाण्या-येण्यातला दीड तासाचा फरक तिचाच आहे.

साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमक्या मोठ्या विमानांच्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे वाहत असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची उष्ण हवा यांच्या तापमानात जी तफावत असते, तिच्यातून हे वारे जन्मतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते पूर्वेकडे वळतात. हिवाळ्यात ही तफावत वाढते, म्हणून वारेही जोर धरतात. ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर वेग नेहमीचा असतो, कधी तो तीनशेच्याही वर जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. त्यांनी आपला अहवाल एस्पेरान्तो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, आणि बाहेरच्या जगात त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना समोरून हेच वारे लागले, तेव्हा त्यांचे महत्त्व सर्वांना कळले.

संपूर्ण वाटेवर हे वारे सारखे नसतात, म्हणून सरासरी ताशी ६० किलोमीटर एवढाच अडथळा धरू आणि प्रत्यक्ष वाट १३,००० किलोमीटरची मानू. हवेच्या तुलनेत विमानाचा वेग दोन्ही वेळा ९०० च असतो. जाताना जमिनीच्या तुलनेत तो ८४० होतो आणि साडेपंधरा तास लागतात. येताना ९६० होतो आणि साडेतेरा तास लागतात. फरक सुमारे दोन तासांचा. कंपन्या वाऱ्याकडे पाहूनच वाट ठरवतात, जाताना प्रवाह चुकवतात आणि येताना त्यात शिरतात, त्यामुळे छापील फरक थोडा इकडेतिकडे होतो. आपल्या समोरच्या पडद्यावर जमिनीवरचा वेग सतत दिसत असतो. मी स्वतः या वाटेवर जाताना तो बराच वेळ ८३० च्या आसपास पाहिला आहे आणि परतताना अटलांटिकवर तोच आकडा हजाराच्या पुढे गेलेला पाहिला आहे. आपणही दोन्ही वेळा तो टिपून ठेवा. आपला भागाकार कुठे कमी पडला, ते तिथे स्पष्ट दिसेल.

याचे ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. युरोपवर मोठे वादळ येत असताना न्यूयॉर्कहून लंडनला निघालेले एक बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत पोचले. एरवी या साडेपाच हजार किलोमीटरांना साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखालून न्यूयॉर्क स्वतःच जवळ यायला हवे आणि जाणे लवकर व्हायला हवे. प्रत्यक्षात उलटे का होते?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : प्रश्न फार चांगला आहे, आणि हा विचार मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जात असते. विमान त्या जमिनीवरून उडते, तेव्हा तो वेग मागे ठेवून उडत नाही, सोबत घेऊनच उडते, आणि ज्या हवेत ते उडते ती हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. धावत्या लोकलमध्ये नाणे वर उडवले, तर ते मागच्या डब्यात जाऊन पडत नाही, आपल्याच तळहातावर येते. डब्यातली हवा आणि नाणे दोन्ही गाडीच्याच वेगाने चाललेली असतात. विमानाचेही तसेच आहे. पृथ्वी खालून सरकली असती, तर मुंबईच्या आकाशात दोन तास घिरट्या घालणारे हेलिकॉप्टर जमिनीला टेकेपर्यंत अरबी समुद्राच्या पार गेले असते. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो वाऱ्यांना दिशा देण्यापुरता, आणि त्या वाऱ्यांमुळेच पश्चिमेचा प्रवास लांबतो. म्हणजे कारण आपण म्हणता तेच आहे, पण ते वाऱ्याच्या मार्गाने उलट दिशेने लागू पडते.

प्रश्न : मी एडिसनला राहते आणि बारा वर्षे या वाटेने ये-जा करते. पूर्वी विमान कधी कॅस्पियन समुद्राच्या बाजूने, कधी रशियावरून जाई; अलीकडे पडद्यावरचा नकाशा फारच वेगळा दिसतो. भारतीय आणि अमेरिकी कंपन्यांच्या वाटाही वेगळ्या दिसतात. दोन्ही विमानतळ तर जागच्या जागी आहेत.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. दोरा ज्या देशांवरून जातो त्यांची यादी वर दिली आहे. ती पुन्हा वाचली की अडचण कुठे आहे ते दिसते. विमानाला परक्या देशाच्या आकाशातून जायला त्या देशाची परवानगी लागते. बालाकोटनंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून पाकिस्तानचे आकाश बंद झाले, ते पूर्ववत व्हायला १६ जुलै उजाडला. त्याच वर्षी जूनमध्ये इराणने अमेरिकेचे चालकविरहित विमान पाडल्यावर त्या टापूतली वाट धोक्याची ठरली आणि न्यूअर्क–मुंबई ही अमेरिकी कंपनीची थेट सेवा काही काळ थांबवावी लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलचे सरकार कोसळले आणि अफगाणिस्तानच्या आकाशात विमानांना मार्गदर्शन करणारी नेहमीची व्यवस्थाच उरली नाही. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर रशियाने अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले. पहलगामच्या हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना मनाई केली.

यातून एक विचित्र स्थिती तयार झाली. भारतीय कंपनीला रशियावरून जाता येते, पण पाकिस्तानावरून नाही. अमेरिकी कंपनीला पाकिस्तानची मनाई नाही, पण रशियाची आहे. दोन्ही विमाने त्याच दोन विमानतळांमधली असूनही शेपटीवरच्या झेंड्यानुसार त्यांच्या वाटा बदलतात. दोरा सोडून दक्षिणेला, तुर्कस्तान आणि मध्य युरोपच्या बाजूने गेले की काही शे किलोमीटर वाढतात, आणि ते वाढलेले अंतरही समोरच्या वाऱ्यातच कापावे लागते. लांब वाटेसाठी इंधन जास्त भरावे लागते. ते इंधन वाहून न्यायलाही इंधन लागते, आणि कधी कधी वजन जुळवण्यासाठी माल किंवा काही आसने रिकामी सोडावी लागतात. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना पाकिस्तानची बंदी जास्त जाचते, कारण त्यांच्या वाटेत तो देश अगदी समोर येतो. मुंबईच्या विमानाला निदान अरबी समुद्र मोकळा आहे.

म्हणूनच पाच वर्षांपूर्वी कुणाला किती वेळ लागला, हे विचारून नियोजन करू नये. आपल्याच कंपनीचे त्याच क्रमांकाचे विमान गेल्या दहा-पंधरा दिवसांत प्रत्यक्ष किती वेळात पोचले, ते पाहावे. विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर ही माहिती सहज मिळते, आणि माझ्या मते तिकिटावरच्या आकड्यापेक्षा तीच अधिक भरवशाची आहे.

प्रश्न : थेट विमानापेक्षा लंडन किंवा आखातातून गेल्यास तिकीट स्वस्त पडते. पण अंतर फारच वाढत असेल ना?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : अंतर आश्चर्य वाटावे इतके कमी वाढते. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५०. बेरीज थेट अंतरापेक्षा दोन-सव्वादोनशेनेच जास्त होते. दुबईमार्गे गेल्यास सुमारे चारशे वाढतात. ही शहरे दोऱ्यापासून फार दूर पडत नाहीत, हे त्याचे कारण. एअर इंडियाने मे १९६० मध्ये बोइंग ७०७ विमानाने न्यूयॉर्कची सेवा सुरू केली, तीही लंडनला थांबूनच. मधे न थांबता एवढा पल्ला गाठण्याची त्या विमानाची ताकद नव्हती. मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण एअर इंडियाने ऑगस्ट २००७ मध्ये बोइंग ७७७ च्या लांब पल्ल्याच्या प्रकारावर सुरू केले. त्यापूर्वी एअर इंडियाने केलेला प्रत्येक अमेरिकाप्रवास हा थांब्यांचा प्रवास होता.

वाढते ती वेळ. पुन्हा एक उतरण, पुन्हा एक चढण, मधली तपासणी आणि प्रतीक्षा मिळून कमीत कमी तीन-चार तास जातात. थांबा दोन तासांहून कमी असलेले तिकीट वयस्कर माणसांसाठी घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. उलट, सोळा तास एका जागी बसणे ज्यांना गुडघ्यांमुळे किंवा पायांच्या सुजेमुळे जड जाते, त्यांच्यासाठी मधे चार तास पाय मोकळे करण्याची वाट चांगली असू शकते. अबू धाबीला तर अमेरिकेची प्रवेशतपासणी तिथेच उरकून घेण्याची सोय आहे, म्हणजे न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग लागत नाही.

साताऱ्याच्या गुरुजींच्या पत्रात शेवटी आणखी एक विचारणा होती : तिकिटावर निघण्याची वेळ पहाटे १.३० आणि पोचण्याची त्याच दिवशी सकाळी ७ अशी आहे, परतीला मात्र सकाळी ११ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला पोचणार, हे कसे? या साऱ्या वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात. डिसेंबरात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात, म्हणून उन्हाळ्यात हा फरक साडेनऊ तासांचा असतो. घड्याळाने जाताना साडेपाच तास गेलेले दिसतात आणि येताना पंचवीस. या दोन्हींची बेरीज करावी, म्हणजे घड्याळांचा फरक आपोआप कटतो : साडेतीस तास. जाण्या-येण्याचा एकूण वेळ तोच. सोळा आणि साडेचौदा मिळूनही साडेतीसच होतात. जाताना आपण रात्रीबरोबरच पश्चिमेला चाललेले असाल, त्यामुळे डिसेंबरात जवळजवळ सगळे सोळा तास खिडकीबाहेर अंधारच राहील आणि उतरताना तांबडे फुटत असेल. झोप झाली नाही तरी घाबरू नये. पोचल्यावर दुपारी झोपण्याचा मोह मात्र पहिल्या दिवशी टाळावा.

एक सावधगिरीची सूचना, कारण माझ्या जवळच्या नात्यात हे घडले आहे. तिकिटावर ‘१२ डिसेंबर, ०१.३०’ असे असेल, तर ते विमान ११ तारखेची मध्यरात्र उलटल्यावरचे असते. आमच्या घरची मंडळी १२ तारखेच्या संध्याकाळी सामान बांधून निघाली, तेव्हा विमान न्यूयॉर्कला उतरूनही बराच वेळ झाला होता. विमानतळावर साडेतीन-चार तास आधी पोचावे, म्हणजे ११ च्या रात्री साडेनऊला. साताऱ्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंत साधारण अडीचशे किलोमीटर. घाट, पुणे आणि मुंबईची संध्याकाळची गर्दी धरून सहा-सात तास हाताशी ठेवावेत. तेव्हा ११ तारखेला दुपारचे जेवण उरकून दोन-अडीचच्या सुमारास घरून निघावे, आणि चिरंजिवांना न्यूयॉर्कच्या १२ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंत बाहेर उभे राहायला सांगावे. तपासणी आणि सामान यांत तेवढा दीड तास सहज जातो.